कागद घेणार : राडा कोलेवा, सासू

एप्रिल संपत आला होता आणि खालच्या शेतात गुलाबाच्या ओळींमधून आमची दुसरी कुदळणी चालली होती. पाऊस बरा झाला होता, त्यामुळे माती कुदळीला धरून बसत होती. चार घाव घातले की थांबायचं, पात्याची माती काठीनं खरवडायची, पुन्हा चार घाव. दोब्रीची कंबर सकाळपासून धरली होती. तो ओळीच्या टोकाला गेला की दांड्यावर दोन्ही हात ठेवून बाल्कनच्या डोंगराकडं बघत उभा राहायचा, जणू बर्फ किती उरलंय ते मोजतोय. मी खाली बघून कुदळत राहायचे. नवऱ्याची कंबर दुखतेय हे बायकोला कळलंय, एवढं त्याला कळू दिलं तरी तो चिडतो.

बांधावरून एक मुलगी आली. पायात शहरातले पातळ बूट, खांद्याला पिशवी.

"दोब्री कोलेव? वेलिका कोलेवा?"

"आम्हीच," मी म्हणाले.

"ओळखपत्र दाखवा."

"बाई, गुलाबाला कुदळायला कोण ओळखपत्र घेऊन येतं?" दोब्री म्हणाला. "त्या झुडपाला विचार. ते ओळखतं मला."

पण ती ऐकेना. कोर्टाकडून आलेय म्हणाली. मग कुदळी तिथंच टाकून आम्ही पुढं आणि ती मागं, असे घरी आलो. फाटकाशी ती थांबली. आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या नावाचा कागद छापून दारावर लावतात, तसा फाटकावर सासूबाईंचा सहा महिन्यांचा मयताचा कागद होता. वर त्यांचा फोटो, खाली नाव, कोपऱ्याला काळी फीत. मुलीनं क्रूसाची खूण केली आणि मगच आत आली. मला ते बरं वाटलं. आमची ओळखपत्रं नीट बघून, आमच्या सह्या घेऊन तिनं एक जाड पाकीट दिलं.

"काय आहे ग यात?"

"निकाल आहे."

"कसला निकाल? खटला कुठाय?"

"आत लिहिलेलं असेल, मावशी. मी नुसती पोचवते. महिन्याची मुदत आहे तुम्हाला. आजची तारीख विसरू नका."

ती गेली. दोब्रीनं चष्मा शोधला, पायरीवर बसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. "बल्गेरिया प्रजासत्ताक. जनतेच्या नावानं." तिथंच थांबला. "कुठल्या जनतेच्या? मला तर कुणी विचारलं नाही."

पुढचं त्यानं मनात वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते, मग हलायचे थांबले. बुधवार म्हणजे उपासाचा दिवस, बिनतेलाच्या घेवड्याची वाटी मी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती सरकवली.

"मिन्कोनं दावा केला होता," तो म्हणाला. "खालचं शेत त्याचं आहे म्हणून. आपल्याला कागद मिळाले, आपण उत्तर दिलं नाही, कोर्टात गेलो नाही, म्हणून शेत त्याचं. ताबा द्यायचा."

"कधी मिळाले कागद?"

"तेच तर!"

मिन्को म्हणजे दोब्रीचा सख्खा चुलतभाऊ. आमच्या आणि त्याच्या अंगणात एकच भिंत. सहकारी शेती मोडून सरकारनं जमिनी परत दिल्या तेव्हा दोघांचे बाप आमच्या टेबलाशी बसले होते. वरचं घर नि अक्रोडाची झाडं मिन्कोच्या बापाला, खालचं शेत आम्हाला. भाकरी मोडली, मिठात बुडवली, एकमेकांचा हात धरला, झालं. कागद कुणी केला नाही, कुणाला सुचलाही नाही. त्याच वर्षी सासूबाईंनी त्या शेतात गुलाबाची कलमं लावली. मी नवी नवरी होते, चर त्या खणायच्या नि कलमं मी आडवी निजवायचे. आता सोलरच्या पाट्या बसवणारी एक कंपनी सपाट जमीन शोधत हिंडत होती. तिच्या माणसांबरोबर मिन्को गावच्या खानावळीत दोनदा जेवला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही त्यावर हसलोही होतो. पाट्यांखाली गुलाब नसतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं आम्ही तालुक्याला गेलो. यानेवा वकीलबाई वयानं माझ्याएवढ्या, आवाज मात्र घंटेसारखा. त्यांनी कोर्टात जाऊन फाईल बघितली, नकला आणल्या आणि आमच्यापुढं बसल्या.

"फेब्रुवारीत कागद तुमच्या घरी पोचलेत."

"नाही पोचले," मी म्हणाले.

"काय?"

"नाही पोचले, बाई."

"तुम्ही फार हळू बोलता. सही आहे इथं, हे बघा." त्यांनी पावतीची नक्कल माझ्याकडं फिरवली.

वर पेन्योकाकाचं अक्षर होतं. गावच्या कचेरीतला शिपाई तोच. गावात येणारे कोर्टाचे कागद बहुतेक त्याच्याच हातून वाटले जायचे. खाली लिहिलं होतं, 'कागद घेणार: राडा कोलेवा, सासू. सुनेला देईन म्हणाली.' त्यापुढं एक वेडीवाकडी सही. तारीख चौदा फेब्रुवारी.

मी क्रूसाची खूण केली. दोब्रीच्या गळ्यातून विचित्र आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, पण तो हसत होता.

"आई गेली ना हो," तो म्हणाला. "ऑगस्टात. चौदा तारखेला, मेरीमातेच्या सणाच्या आदल्या दिवशी."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "कुठल्या ऑगस्टात?"

"गेल्याच की."

"आणि ही सही फेब्रुवारीतली."

"बरोबर सहा महिने झाले होते त्या दिवशी," मी म्हणाले. "सकाळी आम्ही कबरीवर होतो."

"ही सही त्यांच्यासारखी तरी आहे का?"

"छे," मी म्हणाले. "आई सही इतकी दाबून करायच्या की खालच्या टेबलावर उमटायची."

दोब्री म्हणाला, "चौदा फेब्रुवारी म्हणजे संत ट्रिफोनचा सण. सगळा गाव द्राक्षमळ्यात. वेल छाटायचे नि वाइन ओतायची. निम्मी वेलाला, निम्मी स्वतःला. त्या दिवशी आमच्याकडं एकही पुरुष सरळ चालत नाही. कागद कोण वाटतोय?"

वकीलबाई हसल्या नाहीत. लिहिता लिहिता त्या सांगत गेल्या. निकाल रद्द करा म्हणून जिल्ह्याच्या कोर्टात, प्लोव्दिवला अर्ज करायचा. शेत कुणाचं हे तिथं कुणी बघणार नाही. तुम्हाला बोलावणं रीतसर पोचलं होतं का, एवढंच बघतील. पोचलं नसेल तर निकाल मोडायचा आणि खटला पहिल्यापासून.

"मृत्यूचा दाखला आहे म्हणजे झालंच की," दोब्री म्हणाला.

"झालं नाही. त्यांचा वकील म्हणेल, नाव लिहिताना चूक झाली, कागद सुनेच्याच हातात पडला. मग त्या शिपायाला विचारतील. तो काय सांगेल?"

पेन्योकाका काय सांगेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

घरी आलो तेव्हा मिन्को भिंतीपलीकडं नळीनं गाडी धूत होता.

"काय वहिनी, शहरात? नवा झगा घ्यायला?"

"भाऊजी," मी म्हणाले, "ट्रिफोनच्या दिवशी आमचे काही कागद तुमच्याकडं आले होते का?"

"माझ्याकडं? कागद कोर्ट वाटतं, मी वाटत नाही."

"आईच्या नावाची सही आहे त्यावर."

नळीचं पाणी एकाच जागी पडत राहिलं. मग त्यानं नळी चाकाकडं वळवली. "चुकला असेल म्हातारा. तुझ्याच हातात दिले असतील, तूच विसरली असशील. इतके उपास करून डोकं हलकं होतं माणसाचं, वहिनी."

दोब्री भिंतीवर चढायला गेला. मी मागून त्याचा शर्ट धरला. शर्ट खांद्यापासून फाटला, पण माणूस खाली आला. ती शिवण त्या रात्री मी घातली. शब्द आले असते तर ते चांगले आले नसते.

पेन्योकाका आम्हाला टाळायला लागला. चर्चची घंटाही तोच वाजवायचा. रविवारी घंटा झाली की तो मागच्या दारानं निघून जायचा. आमच्या खालच्या आळीचे कागद तो शेजारच्या पोस्टवालीकडं देतो, असं कानावर आलं. दोब्री म्हणायचा, "एकदा सापडू दे, त्याच्या गळ्यात घंटा बांधतो." मी म्हणायचे, "बांध, पण सुगी झाल्यावर."

कारण सुगी आलीच होती. मे महिन्याच्या मध्याला कळ्या फुगल्या आणि एका सकाळी पहिली ओळ उघडली. गुलाब वाट बघत नाही. ऊन चढलं की त्याचं तेल उडतं, त्यामुळे झुंजुमुंजू व्हायच्या आत शेतात उभं राहायचं. दव इतकं की कोपरापर्यंत बाह्या ओल्या. फूल देठाशी दोन बोटांत धरायचं, मोडायचं, पोटाशी बांधलेल्या ओच्यात टाकायचं. दुसऱ्या दिवशीच्या कळीला धक्का लावायचा नाही. तासाभरात बोटं चिकानं काळी होतात. काट्यांची टोकं नखाखाली राहतात ती जूनपर्यंत. दोब्री वाकून तोडू शकत नव्हता, गुडघ्यांवर बसून ओळीतून सरकत होता. मागं मातीत त्याच्या गुडघ्यांचे दोन चर पडत होते.

ताब्याची तारीख नेमकी त्याच आठवड्यात होती. वकीलबाईंनी अर्जाबरोबरच ताबा थांबवायची मागणी केली होती आणि तो हुकूम आदल्या संध्याकाळी त्यांच्या हाती पडला. शेवटच्या बसच्या ड्रायव्हरकडं त्यांनी तो पाठवला. मी तो घडी करून ओच्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि पहाटे तोडायला गेले.

ऊन डोंगरावरून उतरायला लागलं तेव्हा ते आले. कोर्टाचा ताबा घेणारा अधिकारी, मिन्को आणि मोजणीची फीत घेतलेला एक माणूस. अधिकाऱ्याच्या बुटांत दव शिरलं होतं, प्रत्येक पावलाला बूट वाजत होता. आमच्या बरोबरच्या तोडणाऱ्या बायका थांबल्या.

"थांबू नका ग," मी म्हणाले. "ऊन येतंय."

"काम बंद करा," अधिकारी म्हणाला. "या जमिनीचा ताबा..."

"साहेब, एक कागद आहे."

"काय म्हणता?"

"कागद आहे म्हणते." मी ओच्यात हात घातला. ओचा भरलेला होता. खिसा सगळ्यात खाली. मी फुलं बाजूला करत राहिले, तो बघत राहिला. मागं कुणीतरी खुदकन हसलं. शेवटी कागद हाताला लागला, ओला, एक पाकळी चिकटलेला. त्यानं पाकळी बोटानं उडवली आणि वाचलं. दोनदा वाचलं. मग मिन्कोकडं वळला.

"हे तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"मला काय माहीत?"

"तात्पुरती मनाई आहे. निर्णय होईपर्यंत मी काही करू शकत नाही." मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "इथून कोरड्यानं बाहेर जायची वाट आहे का?"

"दहापर्यंत नाही, साहेब. दहानंतर सगळीच वाट कोरडी."

तो गेला. फीतवालाही गेला. मिन्को मागं राहिला. एक फूल तोडून त्यानं हुंगलं, चुकीचं तोडलं, शेजारच्या कळीसकट.

"तोडून घ्या यंदाचं," तो म्हणाला. "पेन्योशी बोलणं झालंय माझं. कोर्टात सांगणार आहे तो. नाव चुकलं, कागद मात्र तुझ्या हातात दिला म्हणून. म्हाताऱ्याला पेन्शन हवीय, खोटी पावती लिहिली असं कोण कबूल करतो?"

तो गेल्यावर दोब्री गुडघ्यांवरच बसून राहिला. मी त्याच्या ओळीतली उरलेली फुलं तोडली. त्या दिवशीचं पोतं तेल काढायच्या भट्टीवर वेळेत पोचलं, पण मला रात्रीची प्रार्थना दोनदा म्हणावी लागली. पहिल्यांदा म्हणताना मन मिन्कोच्या बोलण्यापाशीच होतं.

पेन्टेकोस्टच्या सणाआधीच्या शनिवारी आमच्याकडं मयतांच्या नावानं गहू वाटतात. त्या वेळी चेरी पिकलेल्या असतात म्हणून गव्हाबरोबर चेरी. सुगीचे शेवटचे दिवस होते, तरी मी शुक्रवारी दुपारीच गहू उकडला, कापडावर पसरून वाळवला, अक्रोड कुटून साखरेत कालवला. सकाळी कबरीवर मेणबत्ती लावली, फादर स्पासनी नावं वाचली. राडा हे नाव त्यांनी वाचलं तेव्हा वर घंटा वाजली. वाजवणारा कोण ते मला ठाऊकच होतं.

या वेळी मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

पेन्योकाका जिना उतरून आला. मला बघितलं आणि पुन्हा वर जाणार असं वाटलं, पण गुडघे ऐकेनात. तो बाकावर बसला. दोराचे वळ हाताच्या तळव्यांवर लाल उमटले होते.

"काका, आईच्या नावचं आहे. घ्या." मी गव्हाचा पेला आणि चेरी पुढं केल्या.

मयताच्या नावचा गहू कुणी परत करत नाही. त्यानं पेला घेतला, चेरी घेतल्या, पण तोंडात काही घातलं नाही. 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं असतं, तेही म्हणाला नाही.

"तू का आलीस मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"गहू द्यायला आले, काका."

"गहू द्यायला! तुझ्या सासूनं असं गोड बोलून माझ्याकडून अख्खं कुंपण घालून घेतलं होतं." तो हसला आणि लगेच हसू पुसलं. "पोरी, त्या दिवशी मी पावत्या सकाळी कचेरीतच लिहिल्या. नेहमीच तसं करतो. थंडीत बाहेर बोटं चालत नाहीत, पेनही चालत नाही. कोणत्या घरी कोण असतं मला पाठ आहे. तुमच्या घरचा कागद तीच घ्यायची. तुम्ही दोघं शेतात, ती फाटकात. विजेचं बिल, मतदानाच्या चिठ्ठ्या, सगळं. तीस वर्षं तेच नाव लिहिलं. हात चालत गेला."

"हं."

"मी तिची घंटा वाजवली होती. याच हातांनी. आणि याच हातांनी..." त्यानं पेला गुडघ्यावर ठेवला. "मग मळ्यात गेलो. एक पेला झाला, दुसरा झाला. मिन्को म्हणाला, कशाला बर्फात खाली उतरतोस, काका, माझी भिंत लागून आहे, मी देतो. संध्याकाळी पावती आणून दिली. सही होती. मी वाचलीसुद्धा नाही. सही कुणी केली देव जाणे, मी नाही केली."

मी टोपलीवरचं फडकं नीट केलं. बोलावंसं खूप वाटत होतं.

"दोन वर्षं राहिलीत पेन्शनीला," तो म्हणाला.

"काका, कोर्टात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण गहू खा. खाल्ल्याशिवाय तिला पोचत नाही."

त्यानं चमचा उचलला. पहिला घास चावायला त्याला फार वेळ लागला. गालफडं हलत होती नि डोळे पेल्यात. मग दुसरा, मग तिसरा. पेला रिकामा झाल्यावर त्यानं तो परत दिला आणि टोपी काढली.

"देव तिला क्षमा करो," तो म्हणाला, माझ्याकडं न बघता.

एवढंच. दोब्रीनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणाले, "गहू खाल्ला." तो म्हणाला, "गहू काय, कोंबड्यापण खातात."

प्लोव्दिवच्या कोर्टात पंखा होता आणि तो फक्त न्यायाधीशांकडं फिरत होता. तिघे न्यायाधीश. मधल्या बाई. मला विचारलं, "फेब्रुवारीत कुणी तुम्हाला कोर्टाचे कागद दिले का?"

"नाही."

"मोठ्यानं बोला."

"नाही दिले."

"अजून मोठ्यानं, बाई. लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही."

मागं मिन्कोच्या वकिलानं काहीतरी म्हटलं आणि मिन्को हसला. माझे कान तापले. मी दोन्ही हातांनी पुढचं लाकूड धरलं, बोटं अजून काळीच होती. "नाही दिले!" अशी ओरडले की माझा मलाच धक्का बसला. चर्चमध्येही मी कधी एवढ्यानं बोलले नव्हते.

मृत्यूचा दाखला दाखवला. मग पेन्योकाकाला बोलावलं. लग्नाचा कोट घातला होता त्यानं, बटणं पोटावर लागत नव्हती. मिन्कोचा वकील उठला. आवाज मऊ, सुरी लोण्यात फिरवावी तसा.

"पेन्यो, माणसाकडून चूक होते. सासूचं नाव लिहायची सवय, लिहिलं गेलं. पण कागद मात्र तुम्ही फाटकाशी जाऊन सूनबाईंच्या हातात दिला. बरोबर?"

पेन्योकाका टोपी पिळत होता. मी मनात प्रार्थना म्हणत होते आणि मध्येच शब्द विसरले. लहानपणापासून रोज म्हणते ती प्रार्थना.

"मी फाटकाशी गेलोच नाही," पेन्योकाका म्हणाला.

"आठवून सांगा. बर्फ होतं, सण होता, तुम्ही थोडी घेतली असेल..."

"सकाळी नव्हती घेतली. दुपारी घेतली. पण गेलो नाही हे आठवतं." मग तो वकिलाला सोडून न्यायाधीश बाईंशीच बोलायला लागला. "बाई, त्यांच्या फाटकावर राडाचा फोटो लावलाय. सहा महिन्यांचा कागद, नवाकोरा, काळी फीत लावलेला. फाटकाशी गेलो असतो तर आधी तोच दिसला असता. तो बघून तिचंच नाव पावतीवर ठेवीन, असा मी नाही हो. टोपी काढली असती मी. फाटकाशी गेलो असतो तर टोपी काढली असती."

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग कागद कुणाकडं दिले?" बाईंनी विचारलं.

"मळ्यात. मिन्कोकडं. त्यानंच दावा केलाय हे मला ठाऊक नव्हतं, पाकीट मी उघडत नाही."

मिन्को उठून उभा राहिला. त्याच्या वकिलानं कोटाला धरून त्याला खाली बसवलं. शर्टाऐवजी कोट होता म्हणून फाटला नाही.

बाहेर पायऱ्यांवर पेन्योकाका एकटाच उभा होता. दोब्री त्याच्यापाशी गेला. मी घाबरले. पण दोब्री नुसता म्हणाला, "बसला उशीर आहे. भूक लागली असेल." आणि पिशवीतली पावाची नि चीजची पुडी सोडली. तिघांनी पायरीवर बसून खाल्लं. माझा उपासाचा दिवस, मी पाव आणि कांदा खाल्ला. कुणी कोर्टाचा विषय काढला नाही. पेन्योकाका म्हणाला, यंदा चेरीत किडा कमी आहे. दोब्री म्हणाला, हो, कमी आहे.

निर्णय जूनच्या शेवटी आला. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवला, त्यांच्या आवाजानं फोन हातात थरथरत होता. कागद रीतसर पोचले नव्हते. निकाल रद्द. खटला पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी आम्हाला बोलावून, आमचं ऐकून. "जिंकलात असं समजू नका," त्या म्हणाल्या. "आता कुठं तुमचं तोंड उघडलंय. कलमं लावताना बघितलेले शेजारी गोळा करा."

दोब्री पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होता. मी सांगितलं. त्यानं एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी हातात धरली आणि तसाच भिंतीला टेकून झोपला. एप्रिलपासून त्याला मी दिवसा झोपलेलं बघितलं नव्हतं. मी दुसरा बूट हळूच काढला आणि प्रतिमेपुढचा दिवा लावायला आत गेले. तेल सांडलं थोडं. ओच्यानं पुसलं.

त्या संध्याकाळी पलीकडं मिन्को गाडी धूत होता. माझ्याकडं बघून मान खाली घातली. कंपनीनं नदीपलीकडच्या गावात जमीन बघितलीय असं ऐकू आलं होतं. मी म्हणाले, "भाऊजी, दुधीभोपळे फार झालेत, ठेवू का भिंतीवर?" तो चाक घासत राहिला. मी ठेवले. सकाळी भिंतीवर नव्हते. कुत्र्यानं नेले असं दोब्री म्हणतो. आमचं कुत्रं भोपळा खात नाही.

ऑगस्ट आला. सासूबाईंचं वर्ष जवळ आलं म्हणून नवा कागद छापून आणला होता. मी फाटकावरचा जुना काढून नवा लावत होते. उन्हापावसानं जुन्या फोटोतला चेहरा पांढरा झाला होता, नव्यात त्या पुन्हा नीट बघत होत्या. फीत कोपऱ्याला बसत नव्हती. तेवढ्यात चढावरून पेन्योकाका येताना दिसला. कचेरीनं त्याला लेखी समज दिली होती, काम मात्र काढून घेतलं नव्हतं. खालच्या आळीपर्यंतचा उतार तो काठी टेकत, एकेक दगड बघत उतरला. खांद्याला पिशवी.

फाटकाशी येऊन थांबला. फोटोकडं बघितलं, टोपी काढली, काखेत धरली. मी धरलेली फीत त्यानं अंगठ्यानं दाबून बसवली. मग पिशवीतून पाकीट काढलं आणि पावती. पावतीवरच्या सगळ्या ओळी कोऱ्या होत्या. ती त्यानं फाटकाच्या लाकडावर टेकवली, पेन झटकलं.

"कोर्टाचं बोलावणं आहे," तो म्हणाला. "कागद घेणाऱ्याचं नाव?"

"अहो काका, माझ्या लग्नात नाचला होतात तुम्ही. त्या टेबलावर चढून."

"नाव सांगा."

"दोन पेले फोडले होते."

"नाव, बाई." त्याचं पेन थांबलेलं होतं, आणि तो खरंच वाट बघत होता.

मी हात ओच्याला पुसले.

"वेलिका कोलेवा," मी म्हणाले, मोठ्यानं.